गटेच्या 'एर्लक्योनिग'चं विनोदी कॉमिक: चालेल का?

रानजाई:
जर्मन कवी गटेची १७८२ची कविता. वादळी रात्र, घोड्यावर बाप, कुशीत पोरगा. पोराला भुतांचा राजा, म्हणजे एर्लक्योनिग, दिसतो, 'चल माझ्याबरोबर' म्हणून लाडीगोडी लावतो. बाप म्हणतो, अरे धुकं आहे ते, वाळलेली पानं सळसळतायत, जुनी वाळुंजाची झाडं आहेत. घरी पोचेपर्यंत पोर गेलेलं.

आता हेच आजचं करा. हायवे, गाडी, मागच्या सीटवर टॅब घेतलेला मुलगा. राजा टॅबमधल्या गेममध्ये. मूळ कवितेत तो काय काय देऊ करतो बघा: मजेचे खेळ, रंगीबेरंगी फुलं, सोन्याचे कपडे, नाचणाऱ्या मुली. गेमची जाहिरातच की! आणि बाप: "जाहिरात आहे रे ती, स्किप कर." आठ कडवी, आठ चौकटी. आयतं कॉमिक.

बोरूबहाद्दर:
अहो, शेवटी मूल मरतं! संगीतकार शूबर्टने १८१५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी याला चाल लावली. पियानोवर वाजणाऱ्या घोड्याच्या टापा अखेरीस थांबतात आणि गायक जवळजवळ नुसता बोलतो. ते ऐकून कुणाला हसू येत असेल तर कोपरापासून नमस्कार.

खवचट काकू:
बोरूभाऊ, सोवळं जरा सैल करा. ही कविता मुळात 'डी फिशरिन' या हलक्याफुलक्या संगीत नाटुकलीत आली. जर्मनीतल्या वायमारजवळ टीफुर्टला, नदीकाठी उघड्यावर प्रयोग, आणि कोळ्याची पोर कामं उरकताना ही गुणगुणते. १९५०च्या दशकात तर एका जर्मन मोटार मासिकाने चोरून टिपलेल्या नव्या गाडीच्या फोटोखाली हिचंच विडंबन छापलं. अशा बाजारात न आलेल्या गाड्यांना तिथे आजही एर्लक्योनिगच म्हणतात.

बोरूबहाद्दर:
विडंबनाला ना नाही, काकू. माझं दुखणं वेगळं आहे. राजा खरा की पोराच्या तापलेल्या डोक्यातला, हे गटे सांगत नाही. तुम्ही तो टॅबवर काढलात की संपलं. बाप नुसता बेफिकीर ठरतो. मूळचा बाप बेफिकीर नाही, पोराला घट्ट धरून तो जीव तोडून घोडा पळवतोय.

रानजाई:
हा मुद्दा बिनतोड. मग टॅबचा पडदा दाखवायचाच नाही. पोराच्या तोंडावर नुसता निळा उजेड. राजाचे संवादाचे फुगे बारीक, तिरक्या अक्षरात, चौकटीबाहेरून येणारे. तसंही राजाचं बोलणं गटे वाचकाला ऐकवतोच. मुकुट दिसतो तो फक्त पोराला.

बोरूबहाद्दर:
हे जमेल. पण आठव्या चौकटीत काय? बॅटरी संपली, पोर झोपलं, असलं काही केलंत तर त्याला एर्लक्योनिग म्हणू नका.

खवचट काकू:
मरू दे की पोराला. विल्हेल्म बुशच्या 'माक्स उंड मोरिट्स' या जर्मन चित्रकथेत (१८६५) दोन पोरं गिरणीत दळली जातात, वर बदकं ती टिपून खातात. जर्मन घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या हसत वाचतात.

बोरूबहाद्दर:
ती दोघं कोंबड्या मारणारी वांड कार्टी होती. या पोराने काय केलंय?

रानजाई:
आधी सात काढते. आठवीचं तेव्हा भांडू.