पेटी हाताने, कांसाळे पायाने: एकट्याने कसं जमवावं?

माटोळी_डिचोली: चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरतीला घुमट (चामडं लावलेलं मातीचं मडकं) आणि शामेळ (काठ्यांनी वाजवायची नगाऱ्यांची जोडी) वाजवणारे आहेत, कांसाळे (काशाच्या झांजा) धरायला माणूस नाही. पेटी वाजवता वाजवता पायाने कांसाळ्यांचा ठेका देता येईल का? पेटी (हार्मोनियम) साधी, हातभात्याची. काहीजण म्हणतात, शामेळवाल्याकडेच घुमटही द्या. दोन महिने हाताशी आहेत.

समेवर: शामेळवाल्याला घुमट देऊ नका. शामेळाला दोन काठ्या लागतात. घुमटाला एक हात चामड्यावर, दुसरा मागच्या लहान तोंडावर. ते तोंड झाकलं-उघडलं नाही तर घुमारच उरत नाही. पेटी आणि पाय मात्र जमतं. ड्रमसेटचा हाय-हॅट स्टँड (पेडल दाबून दोन झांजा एकमेकींवर आपटणारा) आणा आणि त्याच्या दांडीवर कांसाळ्यांची जोडी बसवा. दोन्ही बाजूंना नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) चकत्या घाला आणि वरचं कांसाळं किंचित सैल ठेवा. करकचून आवळलं की नुसतं ‘ठप्प’ वाजतं. खालचं जरा तिरकं करा, त्यासाठी स्टँडला स्क्रू असतो. दोन्ही कडा सपाट भिडल्या तर मधे हवा कोंडते आणि झणकार मरतो. दांडी भोकातून जात नसेल तर भोक वाढवू नका, काशाला तडा जातो. मग पावलावर बांधायचं फूट टॅम्बरिन (छोट्या झांजांचा खुळखुळा) घ्या. फरशीवर स्टँड सरकतो, खाली रबरी पायपुसणं हवंच.

माटोळी_डिचोली: बसायचं कसं? पाय कुठला?

काळी_दोन: मांडी घालून होणार नाही. खुर्चीवर बसा, पेटी टेबलावर कोपराच्या उंचीला. पाय उजवा. भाता डाव्या हातात आहे, डावाच पाय घेतला तर हातही त्याच्याबरोबर हलू लागतो आणि प्रत्येक ठोक्याला आवाज फुगतो. उजव्या पायानेही सुरुवातीला हे होतंच, म्हणून आधी एकच ‘सा’ धरून पाय चालवा. स्वर सपाट राहीपर्यंत पुढे जाऊ नका. टाच जमिनीवर, हालचाल घोट्यातून. पेडल दाबलं की लगेच सोडायचं, नाहीतर नाद कोंडतो.

मग मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून केरव्याच्या 8 मात्रांत पाय 1 आणि 5 वर, दादऱ्याच्या 6 मात्रांत 1 आणि 4 वर. तोंडाने बोल म्हणत आधी नुसता पाय, मग सरळ अलंकार (स्वरांचे ठरलेले क्रम). बिघडतं ते इथे नाही, स्वर आणि ठोका वेगळे पडतात तिथे. त्यासाठी ‘सारेग रेगम गमप मपध’ घ्या आणि दर चौथ्या स्वरानंतर, म्हणजे 1, 5, 9 वर पाय द्या. पहिला ठोका पहिल्या गटाच्या आरंभी, दुसरा दुसऱ्याच्या मधे, तिसरा तिसऱ्याच्या शेवटी येतो. 12 स्वरांनी ‘पधनी’च्या ‘प’वर दोन्ही पुन्हा जुळतात. हे न अडखळता आलं की 4-4 ने लय वाढवा.

समेवर: कडव्याच्या शेवटी लय चढते तेव्हा घुमटाच्या मागे जा, पायाने ओढू नका. आणि पायपेटी आणायच्या भरीस पडू नका, तिच्यात पाय भात्यालाच लागतात.