मदत हवी आहे: मारच्या अर्लपदाची वंशावळ जुळत नाही

बखरवाचक

स्कॉटलंडच्या ईशान्येकडचं मार हे जुनं अर्लपद (अर्ल ही वंशपरंपरागत सरदारकीची पदवी). त्याची वंशावळ मराठीत मांडतोय, पण याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. १७१५ च्या जेकबाइट (पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याच्या बाजूच्या) उठावाचा म्होरक्या जॉन अर्स्किन एका यादीत सहावा अर्ल आहे, तर दुसरीत तेविसावा. अलेक्झांडर स्ट्युअर्टला राजाची मंजुरी मिळाल्याचं साल कुठे १४०४ आहे, कुठे १४०५. शिवाय 'मार'चं पद एका घराण्यात आणि 'मार आणि केली'चं (केली, Kellie, हे दुसरं अर्लपद) दुसऱ्याच घराण्यात दिसतं. यातला तोतया कोण? तक्ता नेमका कुठे तोडायचा ते सांगा.

सनदशीर

तोतया कोणीच नाही. १८८५ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून मार नावाची दोन अर्लपदं असल्याचं मान्य केलं. एक प्राचीन, मुलीकडूनही उतरणारं. दुसरं १५६५ चं, फक्त पुरुषवंशात चालणारं. तुमच्या याद्यांनी ही दोन पदं एकाच रकान्यात कोंबली आहेत.

आता तक्ता. प्रत्येक नावापुढे तीन रकाने ठेवा: पद कोणत्या कागदाने आलं, कोणाला दिलं, आणि तो वंश खुंटला तर पुढे कोणाला. चुका होतात त्या तिसऱ्या रकान्यात.

डोनाल्ड हा अर्ल १३३२ मध्ये डपलिन मूरच्या लढाईत पडला. त्याचा मुलगा थॉमस निपुत्रिक गेला, म्हणून पद डोनाल्डची मुलगी मार्गारेट हिच्याकडे आलं. तिचा नवरा डग्लसचा अर्ल. त्यांचा मुलगा जेम्स १३८८ मध्ये ऑटरबर्नला मारला गेला आणि मारचं पद त्याची बहीण इसाबेला हिच्याकडे आलं. इथपर्यंत सरळ रेघ ओढा.

१४०४ ला थांबा. इसाबेला तेव्हा विधवा होती. अलेक्झांडर स्ट्युअर्ट (राजाच्या भावाचा अनौरस मुलगा) याने मारच्या अर्लांचा किल्ड्रमीचा किल्ला घेतला आणि ऑगस्टमध्ये तिच्याकडून सनद लिहून घेतली: पद दोघांच्या मुलांना, ती नसतील तर *अलेक्झांडरच्या* वारसांना. ही जबरदस्ती पचणारी नव्हती. सप्टेंबरमध्ये त्याने किल्ल्याच्या दारात सर्वांसमक्ष किल्ल्या तिच्या हाती दिल्या, आणि त्या हातात धरूनच तिने त्याला आपखुशीने पती म्हणून निवडल्याचं जाहीर केलं. डिसेंबरच्या सनदेत शेवटचं कलम बदललं: मुलं नसतील तर पद *इसाबेलाच्या* वारसांना. पुढची दीडशे वर्षं भांडण याच कलमावर चाललं. बहुतेक याद्या फक्त ऑगस्टची सनद देतात, तिथेच फसतात.

मोडीवाला

सालाचा घोळ सोपा आहे. स्कॉटलंडमध्ये १६०० पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. राजाची मंजुरी जानेवारीतली, म्हणून कागदावर १४०४ आणि आपल्या हिशेबाने १४०५. १ जानेवारी ते २४ मार्चमधली जुनी तारीख दिसली की '१४०४/०५' असं जोडसाल लिहा. नाहीतर डिसेंबरची सनद मंजुरीनंतरची दिसेल आणि सगळा क्रम उलटा होईल.

बखरवाचक

हे कळलं. पण १४३५ नंतर अर्स्किन घराणं मधेच कुठून येतं?

सनदशीर

इसाबेला १४०८ मध्ये निपुत्रिक वारली. अलेक्झांडरने १४२६ ला पद राजाकडे सोडून नवी सनद करून घेतली: हयातभर आपल्याला, मग आपल्या अनौरस मुलाला व त्याच्या पुरुष वारसांना, तो वंश खुंटला तर राजाकडे. मुलगा आधी गेला, १४३५ मध्ये बाप गेला आणि राजाने मार खालसा केलं. रॉबर्ट अर्स्किनने डिसेंबर १४०४ च्या सनदेवर बोट ठेवलं. डोनाल्डची बहीण एलिन ही त्याच्या आईच्या आईची आई. म्हणजे इसाबेलाचा वारस तो. १४३८ मध्ये पंचांनी त्याला वारस ठरवलं, पण १४५७ मध्ये ॲबर्डीनला राजाने तो निवाडा फिरवून घेतला. कायद्यापेक्षा इथे सत्तेचं वजन जास्त पडलं, असं माझं मत. पुढची शंभरेक वर्षं पद मुख्यतः राजघराण्यातल्यांना मिळत राहिलं, ती नावं वेगळ्या रंगात दाखवा.

१५६५ ला राणी मेरीने जॉन अर्स्किनला मार परत दिलं. जमिनीची सनद शिल्लक आहे, तीत सर्वसाधारण वारस म्हटलंय. पदवीची सनद मात्र सापडत नाही. सगळा वाद या न सापडलेल्या कागदाचा. १८६६ मध्ये अर्ल निपुत्रिक गेला तेव्हा त्याच्याकडे केलीचं पदही होतं. ते पुरुषवंशीय, म्हणून बिनवाद चुलतघराण्याकडे गेलं. मारवर बहिणीचा मुलगा गुडीव्ह आणि केलीचा अर्ल, दोघांनी हक्क सांगितला. १८७५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (संसदेच्या वरच्या सभागृहाने) १५६५ चं पद नवीन आणि पुरुषवंशीय असं *गृहीत* धरून केलीच्या बाजूने निकाल दिला. त्यावर एवढी ओरड झाली की दहा वर्षांनी कायदा करून गुडीव्हला प्राचीन पद द्यावं लागलं.

क्रमांकांचं कोडं यातूनच सुटतं. १५६५ चा जॉन प्राचीन गणनेत अठरावा, नव्या गणनेत पहिला. म्हणजे १८६६ पर्यंतच्या सर्व अर्स्किन अर्लांत १७ चा फरक. तुमचा १७१५ वाला ६/२३ असा लिहा. १८६६ नंतर मात्र दोन स्वतंत्र रकाने करा, तिथे १७ मिळवलेत तर भलतीच व्यक्ती हाती लागेल.

मोडीवाला

आणखी एक खड्डा. १७१६ ला पद जप्त झालं, ते १८२४ मध्ये जॉन फ्रान्सिस अर्स्किनला परत मिळालं, वय ऐंशीच्या पुढे. तो बंडखोर अर्लचा मुलीकडून नातू. पण त्याचे वडीलही त्याच अर्लच्या भावाचे मुलगे, म्हणजे आईवडील चुलत भावंडं. त्यामुळे तो दोन्ही नियमांनी वारस बसतो आणि त्याच्या नावावरून काहीच सिद्ध होत नाही. १८२४ च्या कायद्यात मात्र त्याला 'नातू' म्हटलंय, आणि गुडीव्हच्या बाजूचा तो चांगला मुद्दा होता. वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याची नोंद एकदाच करा आणि आई-वडील दोन्ही फांद्या तिलाच जोडा. दोनदा केलीत तर तक्त्यात एक खोटा अर्ल वाढेल.