मदत हवी आहे: पुस्तक कपाटात आहे, ओपॅकमध्ये सापडत नाही. कोहावर व्ह्यूफाइंड बसवू का?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

मी जिल्ह्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकं साधारण ६२ हजार, निम्म्याहून जास्त मराठी. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सहा वर्षांपासून चालू आहे. देवघेव, दंड, दाखल क्रमांक यांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती शोधाची.

गेल्या महिन्यात एम.ए.ची एक मुलगी काउंटरवर फोन घेऊन आली. तिने ओपॅकमध्ये, म्हणजे कोहाच्या ऑनलाइन सूचीत, 'शेतकऱ्यांच्या' टाकलं होतं, नोंदी आल्या ३. मी माझ्या मशिनवर तोच शब्द टाकला, नोंदी आल्या ३८. दोन्ही स्क्रीन शेजारी धरून आम्ही दोघी अक्षरन् अक्षर तपासत बसलो. काना-मात्रेचाही फरक नाही!

शेवटी दोन्ही शब्द युनिकोडचे आकडे दाखवणाऱ्या एका पानावर चिकटवले, तेव्हा उलगडा झाला. तिच्या फोनचा कीबोर्ड 'ऱ' हे वेगळं अक्षर (०९३१) घेतो, त्याचा पाय मोडतो आणि पुढे य लावतो. आमच्या जुन्या नोंदींत साधा र (०९३०), मग पाय मोडलेला, मग डोळ्याला न दिसणारा जोडक (२००डी, झेडडब्ल्यूजे म्हणतात तो) आणि मग य. आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात, मशिनच्या लेखी ते दोन परके शब्द. वर तिसरा प्रकारही निघाला. जुन्या सॉफ्टवेअरमधून डेटा आणताना काही नोंदींतला जोडक गळला आणि तिथे सरळ रफार चढून 'शेतकर्यांच्या' झालंय.

हा डेटा मुळात फॉन्टवाल्या जमान्यातला. तेव्हा रूपांतर करून देणाऱ्याने घाई केली असणार, कारण अजूनही 'धर्म'च्या जागी 'धमर्' आणि 'शिक्षण'च्या जागी 'िशक्षण' सापडतं. ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ कवेत घेऊन बसलेली ती वेलांटी पाहिली की मला तिची दया येते.

आता मूळ प्रश्नाकडे. प्राचार्यांना नॅकच्या मूल्यांकनाआधी 'गूगलसारखी एकच खिडकी' हवी आहे. एकाच चौकटीत पुस्तकं, एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या योजनेतली ई-जर्नल्स, शोधगंगेतले प्रबंध आणि आमच्या डीस्पेस या डिजिटल साठ्यातल्या जुन्या प्रश्नपत्रिका व वार्षिकांक. एका कंपनीचा माणूस डेमोला येऊन गेला. त्याने इंग्रजीत 'हवामान बदल' टाकून लाखोंचा आकडा दाखवला आणि सगळी समिती खूश. मी म्हटलं, आता 'ग्रामीण साहित्य' टाका. तो म्हणाला, "मॅडम, मराठी पुढच्या टप्प्यात." किंमत इथे लिहीत नाही, पण तेवढ्यात आमची दोन वर्षांची पुस्तकखरेदी निघेल.

म्हणून मी घरच्या जुन्या ८ जीबीच्या मशिनवर व्ह्यूफाइंड हे एकाच चौकटीतून शोधणारं फुकट सॉफ्टवेअर बसवून पाहिलं. कोहातून मार्क या ठरलेल्या साच्यातल्या पुस्तकनोंदी काढून त्यात चढवल्या. पहिल्याच दिवशी फोनवरून टाकलेल्या 'शेतकऱ्यांच्या'ला जुन्या नोंदीही लागल्या. मी पेढे वाटायच्या बेतात होते. मग समाजशास्त्राच्या सरांनी 'वर्ण' टाकलं आणि तिसऱ्या नंबरवर पाककृतींचं पुस्तक आलं. त्याच्या विषयात 'वरण' होतं!

शिवाय डावीकडे भाषेची चाळणी असते तिथे आमची जवळजवळ सगळी मराठी पुस्तकं 'इंग्रजी' म्हणून बसली आहेत.

तर व्ह्यूफाइंडच्या मागे लागू, की कोहाचाच ओपॅक सुधारता येईल? 'वर्ण-वरण' कशामुळे होतंय? आणि आधी नोंदी दुरुस्त करायच्या की आधी नवी खिडकी? हाताशी मी, एक सहायक आणि संगणक विभागातला एक उत्साही मुलगा, एवढीच फौज आहे.

कमांडलाइन

ताई, वरणाचा छडा लावतो. व्ह्यूफाइंडच्या पोटात सोलर हे शोधयंत्र आहे. शब्द साठवताना आणि शोधतानाही त्यावर काही गाळण्या चालतात, त्यातली एक आयसीयू फोल्डिंग. तिचं काम खुणा पुसण्याचं. फ्रेंच शब्दातल्या 'ई'वरची तिरकी रेघ गाळली म्हणजे साध्या कीबोर्डवरूनही तो शब्द सापडतो. पण तिच्या यादीत नुक्ता आणि आपला पाय मोडायचा हलन्तही आहे. म्हणजे 'वर्ण'मधला हलन्त गेला की उरलं 'वरण'. 'धर्म'चं 'धरम', 'भक्त'चं 'भकत'. सोलरच्या ॲडमिन पानावर ॲनालिसिस नावाचा टॅब आहे. तिथे 'वर्ण' टाका, प्रत्येक गाळणीनंतर शब्दाचं काय होतं ते ओळीने दिसेल. प्राचार्यांना हेच पान दाखवा, कंपनीच्या डेमोपेक्षा जास्त कळेल.

उपाय सोपा आहे. स्कीमाच्या, म्हणजे सोलरच्या मांडणीच्या, फायलीत त्या फोल्डिंगला 'फिल्टर' हा गुणधर्म देता येतो, त्यात 'ही अक्षरं सोडून' असा संच लिहायचा. तिथे फक्त हलन्त (०९४डी) घाला. 'ऱ' मुद्दाम घालू नका, त्याचा 'र' होऊ दे. शिवाय मजकुराचे शब्द पाडणाऱ्या टोकनायझरच्याही आधी एक मॅपिंग लावा आणि जोडक, अजोडक (२००डी, २००सी) दोन्ही पुसून टाका. मग तिन्ही 'शेतकरी' एकाच रांगेत येतात.

याची एक किंमत आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोघंही एकच होतील. माझ्या मते आचार्य आणि आचारी एका पंगतीत बसले तर ग्रंथालयाचं काही बिघडत नाही, पुस्तक न सापडणं जास्त वाईट.

नेटवर कोणी तरी 'हिंदी नॉर्मलायझर लाव' असं सांगेल. मुख्य फील्डवर लावू नका. तोही हलन्त काढतो, वर दीर्घाचं ऱ्हस्व करतो, 'दीन' आणि 'दिन' एक. मात्र शुद्धलेखन चुकवणाऱ्या मुलांसाठी तो कामाचा आहे, म्हणून शीर्षकाची दुसरी प्रत करून त्या फील्डला लावा आणि सर्चस्पेक्सच्या फायलीत तिला वजन कमी द्या. नेमकं जुळलेलं वर येईल, सैल जुळलेलं खाली. स्कीमा बदलल्यावर सगळ्या नोंदी पुन्हा चढवाव्या लागतात. मी एकदा विसरलो होतो आणि अख्खी दुपार सोलरला शिव्या घालत बसलो.

जुना ग्रंथपाल

मॅडम, कमांडलाइनसाहेबांचं सगळं बरोबर, पण मी उलट बाजूने येतो. 'िशक्षण' सोलरला कितीही गाळण्यांतून घातलं तरी ते 'शिक्षण' होणार नाही. आधी नोंदी.

भाषेचा घोळ बहुतेक मार्क नोंदीतल्या ००८ या फील्डमध्ये आहे. त्यातल्या ३५ ते ३७ या जागांवर भाषेचं तीन अक्षरी चिन्ह असतं. कोहात डिफॉल्ट-लँग्वेज-फील्ड-००८ नावाची सेटिंग आहे. ती रिकामी ठेवली की नवीन नोंदीत इंग्रजीचं चिन्ह बसतं. जुन्या ओपॅकमध्ये ते कोणाच्या डोळ्यावर येत नाही, नव्या खिडकीत चाळणी आली की सगळं उघडं पडतं. आजच ती सेटिंग मराठीवर आणा, निदान उद्याच्या नोंदी तरी बिघडणार नाहीत.

मागचं निस्तरायला मार्कएडिट वापरा, फुकट आहे. पण 'देवनागरी म्हणजे मराठी' असं समजून एका झटक्यात बदलू नका, हिंदी आणि संस्कृतची कपाटं मराठी होतील. साहित्यापुरतं ड्युई वर्गीकरणच मदत करतं, ८९१.४६ मराठी, ८९१.४३ हिंदी, ८९१.२ संस्कृत. बाकीच्या विषयांत शीर्षक बघा. 'आणि', 'चा-ची-चे' असेल तर मराठी, 'और', 'में' असेल तर हिंदी. 'ळ' दिसला तर हिंदी नव्हे हे जवळजवळ नक्की. (वैदिक संस्कृतात ळ असतो, हे संस्कृतवाले लगेच सांगायला येतील म्हणून आधीच लिहितो.) उरलेली कपाटापाशी उभं राहून हाताने करा.

झेड३९.५० या जोडणीने लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून नोंदी उतरवल्या असतील तर त्या स्वतंत्र काढून बघा. त्यांच्याकडे मराठी पुस्तकांचं शीर्षक रोमन लिपीत असतं आणि 'ज्ञ'चं लिप्यंतर संस्कृत पद्धतीने 'ज + ञ' असं. आपली मुलं 'ज्ञानेश्वर' रोमनमध्ये 'डी-एन-वाय'ने सुरू करतात, ते त्या नोंदीशी कसं जुळणार? त्यात देवनागरी शीर्षक ८८० फील्डमध्ये घाला आणि ६ या उपफील्डने मूळ शीर्षकाच्या २४५ शी जोडा.

१९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नांव' असे अनुस्वार असतात. मुखपृष्ठावर आहे तसंच २४५ मध्ये ठेवा, पण २४६ या पर्यायी शीर्षकाच्या फील्डमध्ये आजच्या लेखनाचं रूपही द्या. आणि लेखकांची अधिकृत नावं! तुमच्याकडे कुसुमाग्रज एकीकडे आणि शिरवाडकर दुसरीकडे असणार, 'वि.वा.' आणि 'वि. वा.' यांची तर पुन्हा वेगवेगळी बिऱ्हाडं. एक अधिकृत नाव ठरवून बाकीची रूपं त्याच्या ४०० या पर्यायी नावांच्या फील्डमध्ये टाका. कंटाळवाणं काम आहे, पण सहायकाला रोज वीस नावं दिलीत तर पावसाळा संपेपर्यंत मुख्य लेखक होतील.

हिरवी शाई

व्ह्यूफाइंडचा संसार मांडायचाच कशाला? कोहाला झेब्रा या शोधयंत्राऐवजी इलॅस्टिकसर्च जोडता येतं. सोलर आणि इलॅस्टिक दोन्ही ल्यूसीन या एकाच पायावर उभे, म्हणजे वर सांगितलेल्या गाळण्या थोड्या फरकाने तिथेही लागतात. एकच सर्व्हर, एकच लॉगिन.

कमांडलाइन

हिरवी शाई यांचं पुस्तकांपुरतं बरोबर आहे. फक्त पुस्तकंच शोधायची असती तर मीही हेच सांगितलं असतं. पण ताईंना डीस्पेसमधल्या प्रश्नपत्रिका त्याच चौकटीत हव्या आहेत. व्ह्यूफाइंड ओएआय-पीएमएच या नोंदी गोळा करायच्या पद्धतीने डीस्पेसच्या नोंदी ओढून त्याच इंडेक्समध्ये घालतं. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने फिन्ना हे शोधदालन व्ह्यूफाइंडवरच उभं केलंय, त्यात ग्रंथालयांबरोबर वस्तुसंग्रहालयं आणि अभिलेखागारंही एकत्र दिसतात.

ई-जर्नलमधल्या लेखांबाबत मात्र मनात गैरसमज ठेवू नका. व्ह्यूफाइंड लेखांचा साठा घेऊन येत नाही. तो साठा प्रायमो, समन, ईडीएस या विकतच्या शोधसेवांकडे असतो आणि त्याचेच पैसे मोजावे लागतात. पैसे भरले तर त्यांचे निकाल व्ह्यूफाइंडच्या पानावर दाखवता येतात, नाही तर शेजारी एन-लिस्टचा दुवा द्या.

कोहातून काढून टाकलेलं पुस्तक व्ह्यूफाइंडमध्ये भूत होऊन राहतं. रोज रात्री फक्त नवीन नोंदी निर्यात केल्या तर खोडलेल्यांची खबर लागत नाही. त्यामुळे कोहाचा ओएआय चालू करा, त्यात खोडलेल्या नोंदीही कळवल्या जातात. पुस्तक आत आहे की बाहेर, हे मात्र व्ह्यूफाइंडचा ड्रायव्हर कोहाला त्या क्षणी विचारतो.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफी, मध्ये परीक्षा होत्या.

हलन्ताचा अपवाद आणि जोडक पुसायचं मॅपिंग संगणकवाल्या मुलाने एका संध्याकाळी लावलं. 'वर्ण'मधून वरण गेलं. शेतकऱ्यांचे तिन्ही प्रकार एकत्र आले. 'आचार्य' टाकल्यावर 'आचाऱ्यांसाठी' काही येतं का तेही पाहिलं, आमच्याकडे आचाऱ्यांचं पुस्तकच नाही.

००८ ची सेटिंग बदलली. ८९१.४६ ची सगळी पुस्तकं मार्कएडिटने मराठीत आणली, इतिहास आणि समाजशास्त्र चालू आहे. जुना ग्रंथपाल सर, तुमची ळ-युक्ती भन्नाट चालली. एकच पुस्तक फसलं, हिंदी पुस्तकाच्या शीर्षकात मराठी आडनाव होतं. कुसुमाग्रज आणि शिरवाडकर आता एकत्र नांदतात. प्राचार्यांना ॲनालिसिसचं पान दाखवलं, कंपनीची फाइल सध्या टेबलावरून कपाटात गेली आहे.

एक गोष्ट अडली आहे, त्यासाठी धागा वर काढते. 'शेतकरी' टाकलं की 'शेतकऱ्यांच्या' येत नाही. 'महाराष्ट्र' टाकलं की 'महाराष्ट्रातील' नाही. आपल्या सामान्यरूपांचं काय करायचं? ल्यूसीनमध्ये हिंदी, बंगाली, नेपाळीसाठी प्रत्यय छाटणारी गाळणी दिसते, मराठीसाठी नाही. कोणी प्रत्ययांची यादी करून काही बसवलंय का? नुसतं 'च्या', 'ला', 'तील' छाटून भागत नाही, 'घोडा'चा 'घोड्या' होतो तिथे गाडं अडतं. नुसती छाटणी करू, की शब्दांच्या जोड्या लिहून समानार्थी यादीत टाकू?

तोपर्यंत त्या एम.ए.च्या मुलीला 'शेतक' लिहून पुढे चांदणी टाकायला सांगितलं आहे. 'शेतकी' कॉलेजंही येतात, पण चालवून घेते म्हणाली. काल पुन्हा काउंटरवर येऊन विचारत होती, "मॅडम, मराठी कीबोर्डवर चांदणी कुठे असते?"