'इंडिपेंडंट लिव्हिंग'ला मराठीत काय म्हणावं?

कृष्णाकाठ :
सांगली-मिरज भागात वाटायच्या एका पुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. मणक्याला मार बसून व्हीलचेअर वापरायला लागलेल्यांसाठी आहे. शीर्षकातच गाडी रुतली. पहिल्या मसुद्यात 'स्वतंत्र जीवन' होतं. ते वाचून घरच्यांचा पहिला प्रश्न आला, "म्हणजे वेगळं राहायचं का?" आपल्याकडे 'थोरला स्वतंत्र राहतो' म्हणजे चूल वेगळी झाली, वाटण्या झाल्या. मग 'स्वावलंबी जीवन' केलं, तर संपादकांनी तेही खोडलं. निम्मी पुस्तिका मदतनीस कसा ठेवावा यावर आहे आणि शीर्षक म्हणतं सगळं स्वतः करा, असं त्यांचं म्हणणं. सुचवा काहीतरी.

(अपंग की दिव्यांग हा वाद कृपया इथे नको. त्याचे तीन धागे आधीच आहेत.)

जरंडा :
स्वावलंबी का खोडावं? साताऱ्यात तरी हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयतच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. संपादकांना म्हणावं, शब्द जिवंत आहे, राहू द्या.

शब्दवेल्हाळ :
जिवंत आहे म्हणूनच अडचण आहे. कर्मवीरांच्या 'कमवा व शिका'तलं स्वावलंबन म्हणजे स्वतःच्या घामाचं. अंगमेहनत त्या शब्दात मुरलेली आहे. इंडिपेंडंट लिव्हिंगचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अपंगांच्या हक्कांबद्दलच्या २००६ च्या करारात कलम १९ याच विषयावर आहे, भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला. २०१७ साली त्या कलमाचा अधिकृत खुलासा आला. त्याचा आशय असा, की रोजची कामं एकट्याने उरकणं म्हणजे इंडिपेंडंट असणं नव्हे. काय, कधी, कुणाकडून करून घ्यायचं हे आपण ठरवणं म्हणजे इंडिपेंडंट असणं.

समजा एकजण दोन तास खटपट करून स्वतः अंघोळ करतो, कपडे घालतो आणि दहा वाजता थकून झोपतो. दुसरा मदतनिसाकडून पाऊण तासात सगळं उरकून घेतो आणि दहाला कामावर हजर असतो. रयतच्या अर्थाने पहिला स्वावलंबी. पुस्तिकेच्या अर्थाने दुसरा.

पेव :
मग 'स्वाधीन' घ्या. स्व + अधीन, स्वतःच्या ताब्यात. चोख शब्द आहे.

जरंडा :
पेवराव, 'चोराला पोलिसांच्या स्वाधीन केले' हे रोज पेपरात वाचता ना? 'स्वाधीन जीवन' वाचून लोक विचारतील, कुणाच्या?

पेव :
ती चूक वापरणाऱ्यांची, शब्दाची नाही. संस्कृतात अर्थ स्वच्छ आहे. लोक चुकीचं बोलतात म्हणून शब्द टाकत गेलो तर उद्या कोश रिकामा होईल.

शब्दवेल्हाळ :
पुस्तिका कोशासाठी नाही, तासगावच्या माणसासाठी आहे. गंमत म्हणजे 'मुखत्यार'चंही हेच झालं. मूळ अरबीत त्यात निवडीचा अधिकार आहे, उर्दूत 'खुदमुख्तार' म्हणजे स्वतंत्रच. आपण त्याचं मुखत्यारपत्र केलं, म्हणजे सही करायचा अधिकार दुसऱ्याला. स्वतःच्या ताब्याचे दोन शब्द होते, मराठीने दोन्ही दुसऱ्याच्या हातात दिले! तरी 'ती स्वतःची मुखत्यार आहे' असं अजून म्हणतात. 'आपले मुखत्यार आपण' कसं वाटतं?

कृष्णाकाठ :
छान आहे, पण तलाठी कार्यालयाची आठवण येते. :)

ओळंबा :
सरळ 'आपल्या पायावर उभे राहू' लिहा की. सगळ्यांना कळतं.

जरंडा :
व्हीलचेअरच्या पुस्तिकेवर?

ओळंबा :
वाक्प्रचार आहे तो. 'डोळे उघडले' म्हणताना कुणी दृष्टी तपासत नाही.

शब्दवेल्हाळ :
मुखपृष्ठावर खुर्चीचं चित्र आणि खाली हे वाक्य असेल तर वाक्प्रचार झोपेतून उठतो. आत मजकुरात चालेल, वर नको.

पेव :
अवांतर : 'मदतनीस' हाच मुळात खोटा शब्द आहे. '-नीस' म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पोतनीस. मदत लिहून ठेवणारा तो मदतनीस काय? अंध विद्यार्थ्याच्या परीक्षेत बसतो तो खरा नीस, आणि त्याला आपण म्हणतो लेखनिक. सहायक म्हणा.

कृष्णाकाठ :
अंगणवाडीमुळे 'मदतनीस' घराघरांत पोचलाय, तोच राहील. 'सहायक' म्हटलं की लोकांना सरकारी पद वाटतं. खरी अडचण क्रियापदांची आहे. इंग्रजीत आहे, 'दर दोन तासांनी पोझिशन बदला'. आपण 'कूस बदला' लिहिलं आणि ते लगेच समजलं. पण कूस बदलणं अंथरुणातलं. खुर्चीत बसलेल्यानं दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला वाकून बुडावरचा भार काढायचा असतो. संवेदना नसल्याने दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही आणि बैठकीच्या हाडापाशी कातडी आतून कुजते. याला क्रियापद काय? 'भार उतरवणे' लिहिलंय सध्या.

जरंडा :
भार उतरवणे उत्तम. आणि खुर्चीतून पलंगावर जाताना मांडीखाली सारतात त्या फळीला 'सरकफळी' म्हणा, ट्रान्सफर बोर्ड कशाला? फक्त उघड्या कातडीने तिच्यावर सरकू नये, कातडी चिकटून सोलते, हे ठळक अक्षरात टाका. खुर्ची पलंगाला तिरपी लावा, ब्रेक लावा, खुर्चीचा त्या बाजूचा हात (कोपर टेकायचा दांडा) काढा, मग फळी. खुर्ची नि पलंगाची उंची सारखी नसेल तर वर चढताना खांदे जातात.

पेव :
सरकफळी! यासाठी शंभर गुण. कुबड्यांचं काय केलंत? तो शब्द हीन आहे, बदला.

जरंडा :
हीन कसा? सज्जनगडावर समर्थांच्या वस्तूंत कुबडी ठेवलेली आहे, जाऊन बघा. जपाला बसताना हात टेकायचं ते साधन. 'सरकार कुबड्यांवर' लिहून पेपरवाल्यांनी नासवला शब्द. आणि कुबडी काखेत रुतवायची नसते हेही लिहा. वरची गादी काखेच्या दोन-तीन बोटं खाली राहिली पाहिजे, मूठ मनगटाच्या रेषेत, कोपर किंचित वाकलेलं, भार तळहातावर. काखेवर भार दिला की नस दबून मनगट लुळं पडतं.

ओळंबा :
तुमच्या मसुद्यात 'दाराशी ढाळ द्यावा' असं आहे, ते आधी बदला. बांधकामात ढाळ म्हणजे पाणी निघण्यापुरता, चार फुटांना अर्धा-पाऊण इंच. गवंडी तेवढाच देईल आणि पायऱ्या तशाच ठेवील. 'उतार' लिहा, नाहीतर सरळ रॅम्प. आणि माप लिहा, १ ला १२. म्हणजे १ फूट उंचीला १२ फूट लांबी.

सांगलीत पुराच्या भीतीने जोती उंच असतात. ३ फुटांचं जोतं असेल तर ३६ फूट उतार, शिवाय साधारण अडीच फूट चढल्यावर ५ फुटांचा सपाट टप्पा, दारासमोर आणखी ५ बाय ५. अंगणात सरळ मावत नाही, वळवूनच घ्यावा लागतो. लोक जागा नाही म्हणून १० फुटांत उरकतात. तिथे चढताना खुर्चीची पुढची चाकं उचलतात नि माणूस मागे उलटतो. तुमचा स्वावलंबी की परावलंबी हा वाद निम्मा गवंडीच मिटवतो : १ ला १२ ला बऱ्याच जणांना हाताने चढता येतं, १ ला ८ ला मागून ढकलणारा लागतो.

वर घोटीव सिमेंट नको, पावसाळ्यात घसरतं. ओलं असताना खराट्याने आडव्या रेघा मारायच्या.

पेव :
रॅम्पला मराठी शब्द नाही हे मान्य नाही. 'उतरंड'?

ओळंबा :
उतरंड मडक्यांची असते हो.

शब्दवेल्हाळ :
'चढती'? घरात येणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर तो चढच आहे.

पेव :
आणि जाणाऱ्याच्या बाजूने?

कृष्णाकाठ :
मंडळी, ढाळ बदलला, सरकफळी घेतली, कुबडी ठेवली. शीर्षक?

ओळंबा :
एक राहिलं. रॅम्पलाही आडवा ढाळ लागतो, पाणी साचू नये म्हणून, पण तो ५० ला १ (५० इंच रुंदीला १ इंच) पेक्षा कमी ठेवा. जास्त झाला की खुर्ची कडेला ओढते आणि एकच हात सारखा रेटावा लागतो. आता इथे मात्र 'ढाळ'च लिहा.