जुना लॅपटॉप, लिनक्स आणि मराठी फायली

दोन प्रश्न आलेत: विंडोज १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले म्हणून जुना लॅपटॉप भंगारात काढायचा का, आणि लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर मराठीचे हाल होतात का.

पहिल्याचं उत्तर: मुळीच नको. लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर आरामात चालते. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय आणि प्रिंटर तपासा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही.

दुसऱ्यात गोम आहे. युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतातली मराठी कुठेच अडत नाही, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्डही मिळतो. रडवतात त्या श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फायली. त्यांत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हंच, फॉन्ट त्यांवर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता कचरा. हे विंडोजवरही होतं, उगाच लिनक्सला बोल कशाला? कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, पण नंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घालाच. घोळ नेमका तिथे होतो.

लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवरचं मोफत ऑफिस) वर्डची फाइल विस्कटते, ती बरेचदा कॅलिब्री फॉन्ट नसल्यामुळे. त्याऐवजी कार्लिटो फॉन्ट टाका. अक्षरांची रुंदी तीच असल्याने ओळी जागच्या जागी राहतात. मराठीसाठी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता घ्या, तोही खुल्या परवान्याचा.

घरी टॅली या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर हिशेब असतील तर मात्र ड्युअल बूट, म्हणजे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, ठेवा. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) टॅली चालवायच्या नादात अख्खा रविवार जाईल.