अनुभव धागा: घरी शिवलेली सोंगं, पोशाख आणि माळ्यावरच्या पेट्या

गणपतीआधीच्या झाडलोटीत कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली आली. आत आईनं आम्हा भावंडांसाठी शिवलेले गॅदरिंगचे कपडे. बाल शिवाजीचा अंगरखा आणि मांजरपाटावर रंगवलेला वाघ. अंगरखा उलटा केला तेव्हा कळलं, तो तिच्या लग्नातल्या शालूचा पदर होता. भाड्याचे पोशाख तेव्हा परवडत नव्हते, हे खरंच. पण वाघाच्या शेपटीत तिनं तार ओवली आहे, वळवली की शेपटी उभी राहते. नुसते पैसे वाचवायला कुणी एवढं करत नाही. तुमच्या घरी काय निघालं? कुणी शिवलं, कशातनं शिवलं, सविस्तर लिहा.

मंगळवार पेठ
आमच्या आबांचं टेलरिंगचं दुकान. गल्लीच्या मंडळाचा सजीव देखावा असला की दुकान बंद झाल्यावर रात्री मावळ्यांचे अंगरखे बेतायचे. चिलखत तर आज्जीनं केलेलं, शिवलेलं न्हवं, विणलेलं! जाड सुतळी सुयांवर विणायची, वरनं चंदेरी रंग मारायचा. मांडवातल्या उजेडात लोखंडी कड्याच वाटायच्या. ढालीला पुठ्ठा, खळ आणि बेगड. परवा चिलखत काढलं तर रंगाचे पापुद्रे हातात आले, पण वीण एका ठिकाणी सुटलेली न्हाई. लई भारी हात होता आज्जीचा. देखाव्याच्या फोटोत मावळे दिसतात, तिचं नाव कुठंच न्हाई, म्हणून इथं लिहितोय.

शाहूपुरी
२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात खालच्या खोल्यांतलं काहीच हाताला लागलं नाही. कृष्णाचा पितांबर पोटमाळ्यावर होता, तेवढा राहिला. मुकुट कागदाच्या लगद्याचा होता, तो गेला.

राजारामपुरी
आत्ती हौशी नाटकांत काम करायची आणि नऊवारीपासून शेल्यापर्यंत सगळं स्वतः बेतायची. प्रवेश बदलताना वेळ मिळत नाही, म्हणून तिनं एका नऊवारीचा काष्टा कायमचा शिवून टाकला होता, आत नाडी आणि हूक. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं, त्या रात्री ती झोपली नाही. पुढच्या दिवसांत तिनंच पेटी उघडायला लावली. एकेक कपडा अंगाला लावून कुठला प्रवेश, कुठली एन्ट्री, सगळं सांगत होती. मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय. पेटी सापडली आणि शिवणारं माणूस अजून घरात असेल तर आधी हेच करा, धुणं-इस्त्री नंतर.

कसबा बावडा
माझ्याकडे बोरन्हाणाचं काळं झबलं आहे, थोरल्या जाऊबाईंच्या लेकरांपासून घरातल्या प्रत्येक बाळाच्या अंगावर चढलेलं. अनुभवाचं सांगते. जरीच्या कपड्याला डांबरगोळी लागू देऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमटपणा आतच राहतो. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि अधूनमधून घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते. टाचण्या आणि रबर आधी काढा, टाचणीचा गंज कापडात उतरतो. कुणी शिवलं, कुणी घातलं, त्याची चिठ्ठी आत ठेवा.

मंगळवार पेठवाल्या दादा, ते सुतळीचं चिलखत टांगू नका, वजनानं ताणेल. आडवंच ठेवा. आणि आज्जींचं नाव आतल्या बाजूला पट्टीवर शिवून टाका.