स्कॅन 'क्लीन' आलं तरी पोर्ट बंदच?

व्हायरसच्या संशयावरून कॉलेजच्या नेटवर्कवाल्यांनी तुमचा पोर्ट (नेटची वायर जोडायची जागा) बंद केला, आणि अँटिव्हायरसला काही सापडलं नाही तरी ते लॅपटॉप जोडू देत नाहीत, अशी तुमची तक्रार. राग समजू शकतो, पण इथे मी त्यांच्या बाजूने. चालू विंडोजमध्ये मुरलेला व्हायरस त्याच विंडोजमधल्या स्कॅनरपासून लपू शकतो. चोरालाच घराची झडती घ्यायला सांगितल्यासारखं! निदान डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन करा. त्यात विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटांचं काम.

मी असतो तर सरळ फॉरमॅटच मारला असता. मित्राच्या चांगल्या मशीनवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं विंडोज घ्या. बॅकअप फक्त फोटो, पीडीएफ, असाइनमेंट यांचा. सेटअप फाइल्स नकोत, आणि विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालू करणारा तो 'अ‍ॅक्टिव्हेटर' तर अजिबात नको (आहे ना? असतोच).

फॉरमॅटनंतर लगेच लॅनची वायर खुपसू नका. २००३ साली ब्लास्टर वर्मने (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरसच) हाच इंगा दाखवला होता. पॅच, म्हणजे विंडोजमधलं भोक बुजवणारा अपडेट, १६ जुलैला आलेला, वर्म पसरला ११ ऑगस्टला. पण लोक विंडोज एक्सपी नव्याने टाकून नेटला जोडायचे आणि पॅच उतरेपर्यंत मशीन पुन्हा बाधित! तेव्हा एक्सपीची फायरवॉल (बाहेरून येणारी नको ती कनेक्शन अडवणारी भिंत) मुळात बंदच असायची. तुम्ही आधी फायरवॉल चालू आहे ना बघा, मोबाइल हॉटस्पॉटवरून सगळे अपडेट्स घ्या, मगच नेटवर्कवाल्यांना मेल टाका.

ईमेल आणि बँकेचे पासवर्ड मात्र आजच बदला, फोनवरून. त्या लॅपटॉपवरून नाही.